सुट्टी कशाची, ते विचारायचं राहिलं

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका. मीही जरा टेकूनच बोलतो – आज बसने कुठून कुठून फिरवून आणलंय, अंगात त्राण नाही. पण बुवा दमलेत, कीर्तन लवकर आटपेल, अशी आशा धरू नका!

तर प्रश्न असा. ठरवलेली वाट अडली, की माणसाने काय करावं? तिथेच बसून राहावं की उतरावं? सोपा वाटतो ना? मग ऐका.

सिन्नरचे दिगंबरराव खैरनार. सज्जन, निर्व्यसनी, पण नेमाचा माणूस. देवाचा नेम नव्हे हो – स्वतःच्या बेताचा नेम. जे ठरलं ते ठरलं. भूक लागली तरी जेवणाची वेळ झाल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. त्यांची बायको कौसल्याबाई. तिचं माहेर नागपूरचं, इतवारीतलं. माहेर म्हणजे काय, एक थोरली बहीण उरलेली, विमलताई. आई गेल्यावर हिला तिनेच वाढवलं. आता तीच घर मोडून मुलाकडे बंगळूरला निघाली होती, कायमची. गुडघे गेलेले. पुन्हा भेट होईल असं दोघींनाही वाटत नव्हतं, आणि फोनवर दोघीही ते बोलत नव्हत्या.

दिगंबररावांनी बेत आखला. ताई दुपारच्या गाडीने निघणार, आपण त्याच दिवशी सकाळी पोचायचं, तिच्या घरी जेवायचं.

कौसल्याबाई म्हणाल्या, "अहो, आदल्या दिवशी जाऊ या. त्या दिवशी मारबत असते."

"नागपुरात त्या दिवशी सुट्टी आहे की नाही?"

"आहे, पण –"

"मग झालं तर. सुट्टीचे रस्ते मोकळे असतात."

आता हसताय, पण घरोघरी हेच चालतं. सुट्टी आहे एवढं विचारलं; कशाची, ते नाही विचारलं. अहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. मोठाले पुतळे, काळी मारबत, पिवळी मारबत. रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून अख्खं शहर रस्त्यावर ओरडत असतं. कसले मोकळे रस्ते? पाय ठेवायला जागा नाही!

स्टेशनवरून दोघं रिक्षाने निघाले ते थोड्याच अंतरावर अडकले. रिक्षावाला म्हणाला, "काका, मारबत निघून राहिली ना. आता इथून रिक्षा नाही जात. पायी जा गल्लीतून."

"रिक्षा घरापर्यंत ठरलीय. रस्ता उघडेल, बसतो आम्ही."

आणि बसले! रिक्षावाला बिचारा उतरून मिरवणूक बघायला गेला. हे दोघं आत. ऊन चढलं, ढोल वाजताहेत, कौसल्याबाई घाम पुसताहेत. बोलल्या नाहीत काही. इतकी वर्षं संसार केला होता. बोलून काय होतं, ते त्यांना माहीत होतं. बाईमाणूस भांडून दमत नाही मंडळी, गप्प बसून दमतं.

एवढ्यात विमलताईंचा फोन. "कौसे, इकडे सगळं बंद होऊन राहिलं. पोरगा म्हणते, आत्ताच निघा, मागच्या रस्त्याने स्टेशनवर जाऊ. तू घरी नको येऊस, स्टेशनवरच ये ना वं."

दिगंबरराव म्हणाले, "परत स्टेशनवर? आत्ता तर तिथून आलो. आपलं घरी जायचं ठरलंय. आपण घरीच जाऊ."

"घरी कोण आहे आता?"

"ते बघू. आधी रस्ता उघडू दे."

कौसल्याबाईंनी पदर खोचला. रिक्षातून खाली उतरल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मी जाते."

मंडळी, आपल्याकडे बाई उंबऱ्याबाहेर पडताना काय म्हणते? "येते." दळण आणायला निघाली तरी "येते". 'जाते' म्हणू नये, अशुभ असतं. या बाईच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता. भाजी खारट झाली हे कळायला माणसाला एक घास लागतो. बायको दमलीय हे कळायला दिगंबररावांचा संसार गेला.

"अगं, येते म्हण," ते पुटपुटले. ती थांबली नाही. मग माणूस उतरला. पिशवी घेतली, गर्दीत शिरला, तिचा हात धरला. बेत गेला बोंबलत.

धक्के खात स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी लागलेली. विमलताई डब्याच्या दारात, दांडा धरून उभी. किती बोलायचं राहिलं होतं! पण ताईने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" ही म्हणाली, "जेवले." दोघींना ठाऊक, खोटं आहे ते. ताईने हिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला आणि गाडी हलली.

दिगंबरराव बाकावर बसले. म्हणाले, "कौसल्या, रिक्षावाला सांगत होता तेव्हाच उतरायला हवं होतं." तीही शेजारी बसली.

भेट झाली, मंडळी. नाही असं नाही. पण ओंजळभर मिळायचं ते थेंबभर मिळालं, आणि बाकीचं कुणी नेलं? मारबतीने? तिच्यावर ढकलू नका. ती वर्षातून एकदा येते. तुम्ही मात्र रोज कुठेतरी अडून बसता. धाकट्याने आधी फोन करावा म्हणून बसलात, सुनेने आधी बोलावं म्हणून बसलात. रस्ता उघडेल, मग जाऊ. पलीकडचं माणूस तोवर दांडा धरून उभं राहील, पण गाडी थांबत नाही हो.

मीही दमलोय, तुम्हीही दमलात. आता नाम घ्या आणि घरी जा. जाताना एकाच्या तरी दाराशी थांबा. आज बोलायचं ठरलं नव्हतं, तरी थांबा.