लाडकीने खाटेवरून शिकवलेलं सॉसेज

मी रानशेतचा, जन्म इथलाच, आन लाडकी, माझी बायको, ती तलासरीकडची, झरीची. काय सांगू ताई तुम्हाला, मी जन्मभर चिकूच्या वाडीत मजुरी केली आन ती डहाणूला एका रेल्वेच्या साहेबांकडे जेवण करायची, बारा वर्षं केलं, पण तिथं काय रांधते ते मी कधी विचारलं नाय, कधीच नाय.

नोटा बंद झाल्या ना, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला दाखवलं, डॉक्टर बोलले आता घरी न्या, मागेल ते द्या. पेजेशिवाय काय उतरत नव्हतं. एक दिवस बोलली, मला सॉसेज खायचंय. मी बोललो, ते काय असतं? तर बोलली, कोंबडीच्या खिम्याचं करतात, बोटासारखं लांब, साहेबांच्या पोरांना डब्याला मीच करून द्यायची. मी बोललो, मग तू पण खाल्लं असशील. बोलली, चाखलं, मीठ बघायला. बसून नाय खाल्लं कधी.

मग काय, आशागडवरून बोनलेस चिकन आणलं. ती खाटेवरून सांगायची, मी करायचो. बारीक कर, अजून बारीक, लसूण घाल, मिरी घाल. कोयत्याने खिमा करून करून हात भरून आला. साहेबांकडे म्हणे प्लास्टिकात गुंडाळायचे, आपल्याकडे कुठलं, मी केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलं आन पाण्यात सोडलं. पाणी खळखळून उकळलं, सगळं फुटलं. लाडकी हसली, गळा धरून हसली, बोलली, अरे पाणी नुसतं गरम ठेवायचं, तुला कसली घाई.

दुसऱ्या दिवशी परत केलं. अख्खं निघालं, तव्यावर लाल केलं. तिने एवढासा तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटून किती वेळ ठेवला, मला वाटलं गेला खाली. मग हातावर काढला. नाय उतरत रे, बोलली. पण वास बराबर आलाय. तू खा, माझ्यासमोर बसून खा.

मी खाल्लं ताई. तोंडात घास आन डोळ्यांना धार, आन ती विचारते, मिरी लागते का? मी बोललो, लागते. खरं सांगू, मला काय चव कळली नाय.

त्यानंतर नऊ दिवस होती.

आता मी एकटा. मुलगी सिल्वासाला दिलीय, सणाला येते. भात लावतो, डाळ लावतो, जमतं. कोंबडी घरात आणत नाय, मुलगी बोलते आण, मी ऐकत नाय. चालायचंच. तुम्ही उन्हाच्या आलात, चहा घेऊन जा. तुमचं बरं होवो.