स्वीडनला जाणारा फोटो

(मोहाडी, १९८२, माघ महिना. विणकर जागेश्वरच्या घरातला माग थांबला आहे. कुष्ठरोग दवाखान्याच्या नर्स कुसुमताई बाजेवर, जागेश्वर मागाजवळ, त्याची बायको पुष्पाबाई चुलीपाशी.)

जागेश्वर : हात घ्या, ताई. उलटे घ्या, सुलटे घ्या. पन तोंड फोटोत येनार नाई.

कुसुमताई : दवाखान्याला पैसे पाठवतात त्यांच्या पत्रात तसंच लिहिलंय, जागेश्वरभाऊ. बरा झालेला माणूस, चेहऱ्यासकट. नुसत्या हातांवरून तिकडच्या लोकांना काय कळणार?

पुष्पाबाई : चा घ्या, ताई. ह्यायचा कप राहू द्या, मी देतो निवल्यावर. बोटाइले चटका समजत नाई अजून.

कुसुमताई : आणि फोटो जाणार स्वीडनला. इथे कोण बघतंय?

जागेश्वर : कागद हाये तो. गेला तसा वापस बी येते. छापून येईन, नागपूरले येईन, वरठीच्या कारखान्यात कोनाच्या हातात पडन. आमची पोरगी मंदा वरठीलेच देल्ली, फागुनात लगन हाये. सोयऱ्याइले माह्या दुखन्याचं काईच माईत नाई.

कुसुमताई : मला कळतं ते. मी आलेही नसते. पण लाखांदूरकडच्या अकरा जणांची ऑपरेशनं पैशांसाठी थांबलीत, आणि हा फोटो गेला की पैसे येतील. त्यात रुखमा म्हणून एक बाई आहे. बोटं वाकडी झाली तशी तिला कोणी धानाच्या रोवणीला बोलवत नाही. मी गेले की म्हणते, मोहाडीच्या माणसाचे हात सरळ झाले ना, मग माझे कधी?

जागेश्वर : माहं नाव सांगतलं काय तिले?

कुसुमताई : नाव नाही. हात सरळ झाले एवढंच.

जागेश्वर : माह्या ऑपरेशनचे पैसे सरकारनं देल्ले ना?

कुसुमताई : नाही हो. तिकडच्या एका गावातल्या बायकांनी. चार-पाच महिने बर्फ असतो तिथे, बाहेर पडता येत नाही. मग एका खोलीत जमतात आणि मोजे, स्वेटर विणतात. सणाआधी बाजारात मांडून विकतात. येतं ते आपल्या दवाखान्याला पाठवतात. पत्र लिहिणारी बाई बहात्तर वर्षांची आहे. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, टाके मोजून विणते म्हणे.

जागेश्वर : म्हंजे त्या बी सुताच्याच.

कुसुमताई : लोकरीच्या.

जागेश्वर : तेच ते. मले वाटे कोनी मोठे सायेब असतीन.

पुष्पाबाई : मंग काढू द्या फोटो.

जागेश्वर : आन मंदाचं लगन?

पुष्पाबाई : मी सांगून आलो.

जागेश्वर : कोनाले?

पुष्पाबाई : वरठीले, मंदाच्या सासूले, सत्यभामाबाईले. मांगच्या महिन्यात लुगडं दाखवाले गेलतो ना, तवा.

जागेश्वर : कोनाले इचारून?

पुष्पाबाई : कोनालेच नाई. इचारलं असतं तं तुमी जाऊ देल्लं नसतं. बसा खाली.

कुसुमताई : काय सांगितलंत, पुष्पाबाई?

पुष्पाबाई : समदंच. सत्यभामाबाई भाकरी करत होत्या. म्हनलं, लुगडं मंग पाहा, पयले माहं आयका. पाठीवर चट्टा उठला तवापासून सांगतलं. ह्यायच्या मोठ्या भावानं ह्यायचा माग घरातून अंगनात काढून ठेवला, ते सांगतलं. ऑपरेशन सांगतलं. रोज सांजले मी ह्यायचे हात पायतो, कुठं फोड आला काय, चिरलं काय, ते बी सांगतलं. त्या आयकतच राहिल्या. तव्यावरची भाकर जळून गेली. मले वाटलं, मोडलं लगन. उठाले लागलो तं म्हनते, गोळ्या पुऱ्या केल्या काय त्याइनं? म्हनलं, एक दिस चुकला नाई. मंग म्हनते, बसा, जेऊन जा. अन् जळकी भाकर सोताच्या ताटात घेतली.

जागेश्वर : महिना झाला. मले कायले नाई सांगतलं?

पुष्पाबाई : अन् तुमी मले कवा सांगतलं होतं? सा महिने चट्टा सदऱ्याखाली झाकून फिरले. गरमीत बी सदरा काढत नोते. मी म्हनो, मानसाले झालं तरी काय. आता झाली बरोबरी.

कुसुमताई : आणि जावईबापू? त्यांना ठाऊक आहे?

पुष्पाबाई : हो. तोच तं आला मोटरीच्या थांब्यावर सोडाले. मोटर निंगाली तवा खिडकीपाशी येऊन म्हने, लगनातला शेला बाबाच्याच हातचा पायजे, बजारातला नको.

जागेश्वर : शेला म्हनला?

पुष्पाबाई : हो. म्हून तं रोज पाठीमांगं लागून राहिलो, शेल्याचं सूत लावा, सूत लावा. तुमी म्हना, घाई कायची?

कुसुमताई : जागेश्वरभाऊ, डोळे पुसा आधी. आणि मनात नसेल तर अजूनही नाही म्हणा. मी दुसरं कोणीतरी शोधीन.

जागेश्वर : दुसरा बी कोनाचा बापच असन. काढा. मागावर बसल्यावरच काढा, हात चालू पायजेत. अन् खाली नाव लिवा. जागेश्वर, मोहाडीचा.

कुसुमताई : लिहिते. फोटोवाल्याला बुधवारी घेऊन येईन.

जागेश्वर : अन् त्या बायाइले पत्रात एक लिवा, ताई. त्यायचा बी एक फोटो धाडा म्हना. समद्याइचा, त्या खोलीत बसल्या असतीन तसा.

कुसुमताई : त्यांचा? तो कशाला?

जागेश्वर : कायले म्हंजे? त्या माहं तोंड पायतीन. आमी त्यायचं कवा पाहू?

कुसुमताई : इतकी वर्षं पत्रं लिहितेय मी. इथून कोणी असं कधी मागितलं नाही.

जागेश्वर : नसन मांगतलं कोनी. मी मांगून राहिलो, असं लिवा.