मैदानात मालकच

नंदुरबारला राखणीच्या कुत्र्यांच्या स्पर्धेची नोंदणी सुरू होती. रांगेत सगळ्यांत पुढे भिलाभाऊ, त्यांची बायको धनुबाई आणि त्यांचा कुत्रा बिजल्या होते.

“नवा नियम आहे, भाऊ. कुत्र्यासोबत मैदानात मालकच उतरणार,” नोंदणी करणारे साहेब म्हणाले.

“साहेब, लकवामा मन्हा पाय गया. बिजल्या आते धनूनंच ऐकस.”

“मग त्यांच्या नावावर करा. पण नाव बदलल्यावर वर्षभर थांबावं लागतं.”

“पुढला सालले तो म्हातारा व्हई जाई. हाऊ नियम कोनी काढा?”

“भाड्याची माणसं उतरवणं बंद करा, असा गेल्या वर्षी अर्ज आला होता.”

“कोना?”

“खाली सही तुमचीच आहे, भाऊ.”

भिलाभाऊ नोंदणी न करताच रांगेतून बाजूला झाले.

“चाल,” धनुबाई म्हणाल्या. “साखळी मन्हा हातमा दे. तू काठी धर.”