दोघींचं एकच खातं

नाही हो दादा, कॉपी नाही — काढायचेत. तिकडून काढून इकडे आणायचेत. घर बदलताना आपण कपाटाची कॉपी करतो का? उचलतो आणि नेतो, मागे भिंतीवर डाग राहतो तेवढाच. तसं करा. जुन्या खात्यात मी घातलेला एकही फोटो राहता कामा नये — हो, वाचलं मी ते, ‘पुसल्यावर परत मिळणार नाहीत’, लाल अक्षरात आलंय. चष्मा आहे मला, आंधळी नाही मी. आधी सगळे नव्या खात्यात येऊ देत, मग तिकडचे पुसायचे. किती वेळ लागेल? — बसते मी, घाई नाही. अर्धी रजा टाकून आलेय तुमच्या मोबाइलच्या दुकानात. आमच्या दुकानात सांगितलंय, डोळे तपासायला जाते म्हणून. आता चष्म्याच्या दुकानातल्या बाईनं डोळे तपासायला बाहेर जायचं — मालक बघतच राहिला माझ्याकडे!

कशासाठी म्हणजे? जागा भरली, दुसरं काय. रोज मेसेज येतो, जागा भरली, जागा भरली, जसं काही मीच धान्याची पोती आणून टाकलीत तिथं. खातं मुलीचं आहे. कॉलेजात असताना तिनंच उघडलं आणि माझ्या फोनला जोडून दिलं. म्हणाली, आई, तुला वेगळं कशाला हवं, दोघींचं एकच ठेवू, तू काढलेला मला दिसेल, मी काढलेला तुला. घरात आम्ही दोघीच ना — दोघींत एक छत्री, एक किल्ली, तसं एक खातं. पुढे तिचं लग्न झालं, दुसऱ्या गावी गेली, तरी ते चालूच. सकाळी तोंड धुवायच्या आधी मी फोन उघडते — काल काय केलं तिनं, खुर्ची कुठं सरकवली, नात पालथी पडायला लागली का. विचारावंच लागत नाही. तिच्या घराला माझ्यासाठी एक खिडकीच ठेवलीय म्हणा ना. डोकावणं नाही हं ते! तिनंच दिलेलं आहे.

आणि जुने फोटो सगळे मी घातलेत. अल्बमात चिकटून बसले होते, मागून दोरा फिरवून एकेक सोडवला, खिडकीच्या उजेडात ठेवून फोनवर घेतला — शाळेचा पहिला दिवस, पुढचा दात पडला तो, गोवर निघाला होता तो. मी? मी कुठं असणार त्यात! कॅमेरा माझ्याच हातात. एका फोटोत सावली आहे माझी, तिच्या पायांवर पडलेली — हा बघा, हाच आला आत्ता. पण हे काय, सगळ्यांवर आजची तारीख का दाखवतंय? — असं होतं होय? घ्या! म्हणजे माझी मुलगी आज जन्मली, आजच दात पडला आणि आजच दहावीला बसली. माझं म्हातारपण तेवढं आजचं नाही, ते आधीपासूनचं. राहू द्या, नका बदलू तारखा.

तुमचा चष्मा किती घसरतोय हो, दर मिनिटाला बोट नाकावर. द्या इकडे. — अहो द्या, आयुष्य गेलं माझं यात. ही काडी कानामागे जरा वाकायला हवी, आणि नाकावरची ही दोन बटणं फाकलीत. चेहरा कुणाचाच सारखा नसतो, एक कान वर, एक खाली, हे फक्त आम्हाला माहीत असतं, आणि आम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. घाला आता. बघा, बसला की नाही? मी नाव विसरेन, पण एकदा चष्मा बसवलेलं नाक विसरणार नाही. म्हणून तर —

म्हणून तर काय, काही नाही. — बरं, सांगते. तुम्ही कोण, मी कोण, सांगायला काय जातंय. ते चेहरे ओळखतं ना, हे फोटोंचं? दोन गोल दाखवतं शेजारीशेजारी आणि विचारतं, ही एकच व्यक्ती आहे का? मला मजा वाटायची. मुलीचा सहावीतला चेहरा, शेजारी आत्ताचा — हो. आणखी एक — हो. तर मध्ये एकदा दुपारी दुकान रिकामं, मी फ्रेमा पुसत बसलेली, आणि फोन विचारतो. डाव्या गोलात मिशीवाला, काळ्याभोर केसांचा तरुण, आमच्या लग्नाच्या वर्षातला. उजव्या गोलात पांढऱ्या केसांचा, मिशी काढलेला म्हातारा. एकच व्यक्ती आहे का? अहो, हातातली फ्रेम पडली माझ्या. डावा कान तसाच वर. नाकाच्या हाडावर तीच खाच. पहिला चष्मा मीच बसवलेला, दुकानातच तर ओळख झाली आमची. यंत्राला कळलं, मग मला नाही कळणार?

उजवा गोल दाबून अख्खा फोटो उघडला. मुलीचं घर. मागे निळा पडदा, मी शिवून दिलेला. आणि पडद्यासमोर हा माणूस ऐसपैस बसलाय, मांडीवर माझी नात! पोरगी सात वर्षांची असताना ‘आलोच’ म्हणून गेला तो. गोवर मी काढला, शाळेच्या वेण्या मी घातल्या, ‘बाबा कुठं गेले’ याला रोज नवं उत्तर मी शोधलं — आणि आता हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हजर. आजोबा म्हणे!

मी काय करणार? ‘नाही’ दाबलं. — हसा, हसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतंय, नवा फोटो घेऊन. पुन्हा नाही. मेल्या यंत्राला पुळका किती! मी नाही म्हणतेय आणि ते हुडकून हुडकून आणतंय — बागेत, जिन्यात, जेवायच्या टेबलाशी. म्हणजे एकदा वाट चुकून आला असं नाही, येतो-जातो. घरचाच झालाय.

मग केला फोन तिला. सरळ विचारायचं, असं घोकून ठेवलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर ‘काय गं, कोणी आलं-गेलं का इतक्यात?’ ती म्हणाली, ‘नाही. का गं आई?’ मी म्हटलं, ‘सहज.’ झालं. मग बाळ उठलं म्हणाली आणि ठेवला. त्या माणसाचं मला काही नाही हो, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची — ह्यांना चष्मा लावून तरी समोरचं कधी दिसलं होतं? सकाळी घातल्याशिवाय उठायचे नाहीत आणि — जाऊ दे. पण ती? माझ्या पोटची? मला तोंडावर ‘नाही’ म्हणते? केसानं गळा कापला हो. एका खिडकीतून मला दाखवायचं की आई, बघ, सगळं तुझ्यासमोर आहे, आणि मागच्या दारानं त्याला आत घ्यायचं.

म्हणून उचलतेय. नवा बाप ठेव म्हणावं तुझ्याकडे, तुझं लहानपण मी नेते. एक दिवस लेक मांडीवर बसून विचारेल, आई, तू लहान होतीस तेव्हा कशी दिसायचीस? दाखव मग. उघड खातं आणि दाखव. शोध, सापडतंय का काही. — असं बघू नका माझ्याकडे, तुम्ही स्क्रीनकडे बघा. आले का? सगळे? गोवरचा आला? बरं. मग आता तिकडचे. हो, सगळेच निवडा, विचारत काय बसलात. आणि दाबा.

काय? — काय म्हणालात?

तिला माहीत नव्हतं का, म्हणजे? मला दिसतात हे? अहो, तिनंच तर जोडून — माहीत आहेच की. परवा नातीला पिवळी टोपी घातली होती, फोटो येऊन घटका झाली नसेल, मी फोन करून म्हटलं, टोपी कानावर घे गं. हसली ती. म्हणाली, तुझं लक्ष असतंच. माहीत नसायला काय झालं! मग त्याचे फोटो इथं कशाला — एक नाही, दोन नाही, बागेतला, जिन्यातला — नवऱ्याच्या फोनवर ठेवता आले असते, पुसता आले असते, तिला काय कठीण आहे, तिला तर सगळं —

‘का गं आई’ म्हणाली, आणि थांबली होती. बराच वेळ थांबली होती. मला वाटलं, आवाज जात नाहीय.

म्हणजे तोंडानं सांगायचं नाही, आणि मीच बघावं, मीच ओळखावं, मीच विचारावं? याला काय म्हणायचं? आणि मी रोज ‘नाही’, ‘नाही’ — ते तिलाही दिसत असेल का हो? तिच्या फोनवर? — नको, सांगू नका.

तुम्ही फोटो हलवता की उलटतपासणी घेता? कुणी विचारलं होतं तुम्हाला? — हात काढा तिथून. दाबू नका. नको म्हटलं ना! ठेवायचे असंही म्हणत नाहीय मी, नुसतं बंद करा ते. द्या फोन. ती वायर माझी आहे, ती पण द्या. मागे ते गृहस्थ कधीचे उभे आहेत, त्यांचं बघा.