वेदीमागच्या खिडकीतल्या डाव्या हाताबद्दल

जबाब

नाव – रजिस्टरात घेतलंय ते; हाक मारतात काचवाली आजी. वय – शहात्तर, वर-खाली धरा. धंदा – पूर्वी नवऱ्याच्या दुकानात काचा पुसण्याचा, आता सुनेच्या कामात चुका काढण्याचा. शिक्षण – दुसरी, तीही अर्धी. राहणार – चर्चच्या मागची गल्ली, काचेच्या दुकानावर.

मी कुणी न बोलावता स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून व दोन नातींसह राहते. मुलगा काचकाम करतो. आज सकाळी दहा वाजता त्याला चौकशीला इथं आणलं. चर्च कमिटीच्या सेक्रेटरींची तक्रार अशी, की गेल्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी त्याने वेदीमागची रंगीत काचांची जुनी खिडकी विकली आणि नकली बसवली. कारणं दोन. जुन्या फोटोत येशूचा उजवा हात वर आहे, आता खिडकीत डावा. दुसरं, बाहेरून आणलेल्या तज्ज्ञाने आतून नख फिरवलं तर काच गुळगुळीत लागली. जुन्या कामात चेहऱ्याच्या, बोटांच्या रेघा आतल्या अंगाला काढून भट्टीत भाजतात. त्या नखाला लागायला हव्यात.

खिडकी चर्चइतकीच जुनी आहे. एका बेकरीवाल्याच्या विधवेने नवऱ्याच्या आठवणीसाठी दिली. चेहरा नवऱ्यासारखा काढा, असं तिने कारागिराला बजावलं होतं म्हणे. म्हणून येशूचे गाल तेवढे भरलेले.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी वादळात मधली चौकट वाकली. मुलगा तेव्हा पोटात होता. माझ्या नवऱ्याने चौकट दुकानात आणून शिशाच्या पट्ट्या नव्या घातल्या, फटींत लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा मसाला, भरली. मग दोन्ही अंगं लाकडाच्या भुशाने घासून स्वच्छ करायची असतात. ते काम माझं. बाहेरची बाजू कोणती ते कळावं म्हणून नवरा खडूने फुली मारायचा. मी फुलीसकट सगळं पुसलं, चौकट उलटवली, तीही बाजू पुसली, आणि मग आठवलं. फुली कुठल्या बाजूला होती ते काही आठवेना. अंदाजाने एकीकडे मारून ठेवली. नवऱ्याला बोलले नाही, कारण खडूला हात लावू नकोस म्हणून आदल्याच दिवशी तो बोलला होता आणि मी त्याला चांगलं सुनावलं होतं.

रविवारी बाकावर बसलो तेव्हा येशू डावखुरा झालेला दिसला. घरी येऊन नवरा म्हणाला, "माझी फुली चुकली गं. आता लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "प्रार्थनेला डोळे मिटतात, प्रवचनाला झोपतात. बघतंय कोण?"

तो हसला. पुढच्या उन्हाळ्यात फिरवू म्हणाला. असे एकोणतीस उन्हाळे गेले, मग तोही गेला. चूक आपलीच, असं त्याला शेवटपर्यंत वाटलं. मी वाटू दिलं. बाकी संसार चांगला झाला. माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षी मुलाने फक्त कडेची लांबी भरली. रेघा बाहेरच्या अंगाला आहेत हे त्याला तेव्हाच कळलं असणार. कामात त्याचा हात बापासारखाच आहे. तरी सकाळपासून तो गप्प बसलाय, चहासुद्धा घेत नाही. चोरी केली म्हणून नव्हे. गेलेल्या बापाचं नाव कामात खराब होईल म्हणून. मी आल्यावर त्याला तोंड उघड म्हटलं, तर म्हणतो, "आई, तू घरी जा, मी बघतो." पन्नाशीला टेकला, अक्कल अजून वाटेतच आहे.

मी सांगितल्यावरून दुपारी दोन वाजता साहेब, फादर, सेक्रेटरी व तज्ज्ञ चर्चच्या मागे गेले. तज्ज्ञाने शिडीवर चढून बाहेरून नख फिरवलं. रेघा लागल्या, पावसाने झिजलेल्या, पण त्याच. खिडकी जुनीच आहे, बसली उलटी आहे. लवकर फिरवली नाही तर चेहरा जाईल, असं तज्ज्ञ म्हणाला. काम कुणाला द्यायचं, असं फादरांनी विचारलं. सेक्रेटरींनी चपलेकडे बघत माझ्या मुलाचं नाव घेतलं. तक्रार मागे घेतो असंही ते म्हणाले, ते लिहून घ्यावं.

साहेबांनी हे सगळं मला दोन वेळा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी त्यात 'मयत पतीच्या हातून चूक झाली' असं निघालं. ते मी खोडायला लावून 'माझ्या हातून' असं लिहून घेतलं आणि मुलाला ऐकू जाईल असं पुन्हा वाचायला लावलं. आता सांगितलं तसं आहे. अंगठा नको, सही येते.