डाळीची फोडणी आणि आगीचा बंब

अगं, नवीन होतो गं आम्ही तेव्हा, ख्राइस्टचर्चजवळच्या एका खेड्यात. तिथल्या एका सेवाभावी मंडळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींसाठी जेवण होतं. मी हौसेनं डाळ केली आणि वरून मिरचीची फोडणी दिली. असा खाट उठला की सगळे खोकत बाहेर! धूर बघून समोरच्या बाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. गावाचा भोंगा वाजला, तसे आमचे वाढपीच ॲप्रनसकट पळत सुटले. गावातले स्वयंसेवक जवान तेच! थोड्या वेळात तेच बंब घेऊन परत आले. मला वाटलं, आता या गावात तोंड कसं दाखवू? त्यांचा प्रमुख ब्रायन स्वयंपाकघरात शिरला, पातेल्यात डोकावला आणि बाहेर येऊन ओरडला, “स्वीट ॲज! एकदम झकास! आग नाही, डाळ आहे. चला, भात वाढा!”

माझा जीव भांड्यात पडला.