बिनबियांची द्राक्षं

...आणि वर ती प्राण्यांची डॉक्टरीणबाई मलाच म्हणते, 'काका, एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?' अहो, कसं कळणार? तुम्हाला सांगतो, आमची ही जिन्यावरून पडली तेव्हापासून अंथरुणाला खिळलीय, भेटायला येणारा प्रत्येक जण फळांची पिशवी टेकवून जातो, आणि ही त्यातली एक फोड तोंडात घालेल तर शपथ! सगळं त्या कुत्र्याच्या पिल्लाला. भाचीनं आणून सोडलेलं, एवढंसं, नुसते कानच कान. पण त्याला भरवायचं म्हणून ही उशीला टेकून बसायला लागली, म्हणून मी गप्प.

तर या डॉक्टरीणबाईंनीच बजावलं होतं, फळ थोडंच द्यायचं, बारीक फोडी करून, आणि सफरचंदाची, कलिंगडाची बी पोटात जाता कामा नये. झालं! मी सुरी हातात घेतली रे घेतली की आतल्या खोलीतून, 'अहो, बिया काढल्या का?' काढल्या. 'सगळ्या काढल्या का?' सगळ्या! कलिंगडाच्या बिया काढून बघा एकदा, डोळे जातात माणसाचे... शेजारीण साखर मागायला येते, तीही दारातूनच, 'बिया काढल्या ना हो?'

मग आज मी डोकं चालवलं. नको तेव्हाच चालतं ते. कुणीतरी द्राक्षं आणली होती, बिनबियांची. म्हटलं वा, काढायलाच काही नाही! दिली बशीभर. पिल्लानं शेपटी हलवत चट्टामट्टा केला. आतून आलंच, 'बिया काढल्या का?' मी ऐटीत म्हटलं, 'नव्हत्याच!'

दुपारी पिल्लू ओकायला लागलं. तसाच उचलून पळालो, एका पायात माझी चप्पल, एका पायात हिची. तर बाई म्हणतात, 'काका, बी असो नसो, द्राक्षच कुत्र्याला विष.' आता द्राक्षाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं... पिल्लू तिथंच ठेवून घेतलं, एवढ्याशा पायाला सलाईन. मूत्रपिंडं टिकतात की नाही, उद्या सांगते म्हणाल्या.

घरी आलो. वाटलं, ही आता घर डोक्यावर घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं हो! सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, 'आवडीनं खाल्ली का त्यानं?' म्हटलं, हो. तशी उशीवरून खाली सरकली, भिंतीकडे तोंड केलं, पुन्हा उठून बसायचं नाव नाही.

तर असं आहे. पिल्लाचं काय ते उद्या कळेल. माझं काय ते आजच कळलं.